हातवाऱ्यांची नोकरी

आमच्या तांड्यात मला माझ्या नावाने फारसं कोणी हाक मारत नाही. फौजेतून हवालदार होऊन परत आलो, मिशी राखली, सकाळी पाच मैल चालतो, तरी महागावच्या रस्त्यावरच्या टपरीवर मी पोचलो की 'आली नवरी, चहा टाक' असंच ऐकू येतं. हे नाव मला आईने दिलं. आणि तिने दिलेलं नाव कोणी खोडत नाही, कारण तिच्याशी वाद घालायची हिंमत तांड्याच्या नायकालाही कधी झाली नाही.

नाव कसं पडलं ते सांगायचं तर आधी नोकरीचं सांगावं लागेल. मी फौजेत हेलिकॉप्टरचा मिस्त्री होतो. सतरा वर्षं. भरती झालो तेव्हा आमच्या युनिटात जुनी, छोटी हेलिकॉप्टरं होती. आराखडा परक्या देशाचा, पुढे काचेचा मोठा फुगा, आत पायलट सोडून दोन-तीन माणसं कशीबशी मावायची. मग काही वर्षांनी नवं आलं. आपल्याच देशात आखलेलं, आपल्याच देशात बांधलेलं. दोन इंजिनं, वर चार पाती, आणि मागच्या बाजूला कपाटासारखी उघडणारी दोन दारं, म्हणजे स्ट्रेचर सरळ आत सरकवता यावं. त्याची पाती धातूची नव्हती. काचेचे आणि कार्बनचे धागे राळेत भिजवून, थरावर थर देऊन केलेली होती. पहिल्यांदा पात्यावर हात फिरवला तेव्हा मला वाटलं, हे ठोकून केलेलं नाही, विणून केलेलं आहे. घरी पत्रात तसं लिहिलंही. आईला लिहिता-वाचता येत नाही. वाचून दाखवणाऱ्याने काय वाचलं कोण जाणे, पण पुढच्या सुट्टीत तिने मला विचारलं की सरकारने तुला गोधड्या शिवायला ठेवलंय का.

ते यंत्र लगेच शहाण्यासारखं वागायला लागलं असं नाही. सुरुवातीला थरथरायचं. कारखान्याचे इंजिनीअर वह्या घेऊन आमच्याकडे मुक्कामाला असायचे आणि आम्ही मिस्त्री लोक हात धुऊन त्यांच्या मागे लागून तक्रारी सांगायचो. इथे पाना जात नाही, तो बोल्ट उलट्या हाताने काढावा लागतो, हे झाकण उघडायला माणसाला तिसरं कोपर पाहिजे. ते सगळं लिहून घ्यायचे. मला वाटायचं, या वह्या नंतर चुलीतच जात असतील. पण पुढे नवीन हेलिकॉप्टर आलं तेव्हा ते झाकण दीड बोट डावीकडे सरकलेलं होतं. थरथर कमी झाली, मग उंचावरच्या पातळ हवेसाठी जास्त ताकदीचं इंजिन आलं, आणि यंत्र हळूहळू कामाला लागलं. झाकणाची गोष्ट मी चारचौघांत सांगत नाही, पण इथे लिहून ठेवतो.

काम म्हणजे काय नाही ते विचारा. लढाईचं तर मी काही पाहिलं नाही. मी पाहिलं ते रॉकेलचे कॅन, पीठ, कांदे, पत्रांची पोती, औषधं, आणि गवतात गुंडाळलेली अंडी. बर्फातल्या चौकीवर महिनोन् महिने बसलेल्या पोरांसाठी हे सगळं हेलिकॉप्टर न्यायचं आणि येताना पाय काळे पडलेला, छातीत पाणी झालेला एखादा जवान घेऊन यायचं. एकदा सणासाठी जिवंत बकरा न्यायचा हुकूम आला. बकऱ्याला पोत्यात गळ्यापर्यंत बांधून मी आत ठेवला, आणि तो सगळा वेळ पायलटच्या मानेवर फुसफुसत होता. उतरल्यावर पायलट म्हणाला की यापुढे एक तर मी उडेन किंवा बकरा उडेल. कधी लग्नासाठी सुट्टी मिळालेला जवान रिकाम्या कॅनच्या गर्दीत बसून खाली यायचा, केस विंचरलेले, खिशात आरसा. अशा वेळी मला माझी नोकरी फार आवडायची.

आता आईचं. बा लवकर गेला. कापूस आणि तुरीची शेती तिने एकटीने केली, आम्हा भावंडांना वाढवलं, आणि तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती. काम म्हणजे शेतातलं. निंदण, डवरणी, कापूस वेचणं, जनावरांचं शेण काढणं, याला ती काम म्हणायची. माझ्या नोकरीला तिने कधीच काम म्हटलं नाही. 'नोकरी' म्हणायची, तेही मन चांगलं असलं तर. घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरबोलीच बोलतो, आईला याडी म्हणतो, पण वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून तिचं बोलणं मी इथे वऱ्हाडीत लिहितो.

नवं हेलिकॉप्टर आल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या सुट्टीत मी अंगणात बसून त्याचं वर्णन करत होतो. तांडा गोळा झाला होता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, त्याच्यात गोण्या किती बसतात. तिचा प्रश्न मला कळत होता. आमची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य मुलखामुलखात न्यायची. त्याला लदेणी म्हणायचे. आईच्या आजीने तिला लदेणीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यामुळे वाहन कुठलंही असो, ती ते गोण्यांत मोजते. मी म्हटलं, खाली सपाटीवर पुष्कळ बसतात, पण उंच डोंगरावर हवा पातळ असते, तिथे निम्म्याच न्याव्या लागतात. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "बराबर हाय. चढनीवर बैल बी अर्धीच गोनी घेते."

मला इतका आनंद झाला की शहाणपणा जिथे थांबवायला हवा होता तिथे मी थांबलो नाही. म्हटलं, आणखी एक दाखवतो. हेलिकॉप्टर उतरताना आवाज एवढा असतो की बोलून काही उपयोग नाही. म्हणून जमिनीवरचा माणूस पायलटला हातांनी सांगतो. मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभे केले, तळवे समोरासमोर. सांगितलं, याचा अर्थ मी इथे आहे, तोंड माझ्याकडे कर आणि इथे ये. मग दोन्ही हात खाली आणून पोटापुढे एकमेकांवर आडवे धरले. याचा अर्थ, टेकव. आणि हे मी करतो, म्हटलं, एवढं मोठं यंत्र माझ्या हातांकडे बघून उतरतं.

मग आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

आमच्यात मुलगी लग्न होऊन सासरी निघाली की सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि रडत रडत गाऊन माहेराला दुवा देते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. आता बैल कमी झाले. माझ्या बहिणीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून हवेली म्हटली होती. पण हात वर करायची पद्धत तीच. मी अंगणात हात वर करून उभा राहिलो तो हुबेहूब तसाच दिसलो असणार.

"हे तं नवरी हाय," आई म्हणाली. "सरकार तुले हातवारे कराले ठेवते?"

झालं. त्या दिवसापासून मी तांड्याची नवरी. सुट्टी संपवून निघालो की बाया विचारायच्या, हवेली म्हणून जात नाही का. मी हसायचो, पण मनातून मला ते लागायचं. आईच्या तोंडून मला एकदाच ऐकायचं होतं की पोरा, तू जे करतो ते काम आहे. तेवढ्यासाठी मी दर सुट्टीत काहीतरी नवीन सांगायचो, स्ट्रेचरचं, बर्फाचं, अंड्यांचं. ती ऐकायची, मला जास्तीची भाकर वाढायची आणि म्हणायची, बरं हाय तुझ्या हातवाऱ्यांचं. मग मी निवृत्त झालो, घरी आलो, आणि ऐकायची आशा सोडली.

तीन पावसाळ्यांमागे आमचा नाला फुगून तांड्यात शिरला. पहाटे पाणी अंगणात होतं, उजाडेपर्यंत चुलीत. आम्ही तीसेक माणसं शेळ्या-कोंबड्यांसकट देवळाच्या टेकाडावर चढलो. बाकीची मंडळी कामाला बाहेरगावी होती. महागावकडचा पूल पाण्याखाली गेला. एक नाव आमच्याकडे यायला निघाली होती, ती धारेपुढे टिकेना म्हणून परत गेली. देवळाच्या सात पायऱ्यांपैकी दुपारपर्यंत चार बुडाल्या. मग नायकाच्या मोबाईलवर तालुक्याच्या अधिकाऱ्यांचा फोन आला की फौजेचं हेलिकॉप्टर निघालंय. फोन ठेवून नायकाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्याबरोबर सगळ्यांनी.

त्या एका तासात मी जेवढे हुकूम सोडले तेवढे सतरा वर्षांत सोडले नसतील. प्लास्टिकच्या पन्न्या गोळा करा, चपला पोत्यात भरा, शेळ्या खुंटीला घट्ट बांधा, लुगड्याचा पदर कमरेला खोचा. देवळाचा पांढरा झेंडा मात्र राहू द्या, पायलटला त्याच्यावरून वारा कळेल. टेकाडाच्या उत्तरेकडून मोटारपंपाची लाइन गेलेली. तारा ढगांच्या रंगात मिसळून गेलेल्या, वरून दिसणं मुश्कील. म्हणून हेलिकॉप्टर दक्षिणेच्या मोकळ्या जागेवर उतरवायचं मी ठरवलं. तिथे एक बैलबंडी उभी होती, तिच्याजवळ उभं राहून मी हात करणार होतो. राहिल्या टिना. एकाने गुरांच्या कोठ्यावर घालायला आणलेले पंधरा-वीस पत्रे टेकाडावर रचून ठेवले होते. ते मी दोराने बांधले, वर दगड ठेवले. टिना काय उडतात, असं म्हणून दोघे हसले. मी म्हटलं, त्या पात्यांचा वारा तुम्ही पाहिला नाही.

हेलिकॉप्टर पुसदच्या बाजूने आलं. दिसायच्या आधी मी आवाजावरून ओळखलं, आमच्याच जातीचं. मला हसू फुटलं. त्याने एक चक्कर मारली, आणि माझे सगळे हुकूम पाण्यात गेले. ज्याच्या हातात जे होतं ते तो हलवायला लागला. दुपट्टे, छत्री, एकाने परात. एका बाईने तर लेकरूच उचलून धरलं. हेलिकॉप्टर जरा खाली आलं, वारा टेकाडावर आदळला, दगड गडगडले, दोर सैल झाला आणि वरची टिन फडफडून उभी राहिली. मी तिच्यावर उडी टाकली. माझ्यामागे ते हसणारे दोघेही धावत येऊन टिनांवर पडले.

आता काय करावं ते मला सुचेना. टिना सोडल्या तर त्या पात्यांत तरी जाणार नाहीतर कोणाच्या मानेवर तरी. आणि न सोडाव्या तर हात कोणी करायचे? माणसं सगळी उत्तरेला जमलेली, तिथेच सगळे हात हलत होते. साहजिकच पायलट तिकडे वळला, तारांकडे. मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बर्फात, वादळात मी पुष्कळ पाहिलं, पण टिनांवर पालथा पडून त्या तारांकडे बघताना जी भीती वाटली तशी मला कधी वाटली नव्हती.

आणि तेवढ्यात मला आई दिसली. सत्तरी कधीच ओलांडलेली माझी आई कोंबड्यांची डालगी घेऊन त्या बंडीखाली बसली होती. ती बाहेर आली, चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन बंडीवर चढली, ताठ उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

मला वाटलं, ही हवेली म्हणते आहे. घर बुडालं, तांडा सोडून जायची वेळ आली, म्हणून ही घराला निरोप देते आहे. एकीकडे डोळे भरून आले आणि दुसरीकडे असा राग आला की काय सांगू. ही वेळ आहे का? वाऱ्याने ती बंडीवरून पडणार, तिचं हाड मोडणार. "याडी, बस खाली," मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

ती बसली नाही. डालगी लोळत गेली, कोंबड्या फडफडत देवळात शिरल्या, तिचा खोचलेला पदर सुटून झेंड्यासारखा उडायला लागला. हात तसेच, सरळ, तळवे समोरासमोर. आणि हेलिकॉप्टरचं नाक वळलं. तारा सोडून, हलणाऱ्या पराती-छत्र्या सोडून ते हळूहळू तिच्याकडे वळलं आणि तिच्यासमोर वीसेक पावलांवर, मोकळ्या जागेच्या बरोबर वर येऊन थांबलं. एवढ्या सगळ्या गर्दीत पायलटला समजेल अशी भाषा एकच बाई बोलत होती.

मग तिने दोन्ही हात खाली आणले आणि पोटापुढे एकमेकांवर आडवे धरले.

हवेलीत हात असे खाली येत नाहीत.

हेलिकॉप्टर टेकलं. मी टिनांवर तोंड घालून पडलो होतो, आणि रडत होतो की हसत होतो ते माझ्यासोबत पडलेल्या दोघांनाही कळलं नाही. ते आजही टपरीवर यावरून वाद घालतात.

पुढचं मला येत होतं. टिनांवर आणखी माणसं बसवून मी धावलो. हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या जवानाने माझं वाकून, समोरून येणं पाहिलं आणि ओळखलं की हा आपल्यातला आहे. लेकुरवाळ्या बाया आणि म्हातारे पहिल्या फेरीत बसवले. आईला म्हटलं चल, तर तिने कोंबड्या पकडायच्या आहेत असं खुणेने सांगितलं. दुसऱ्या फेरीत उरलेले आम्ही बसलो. टिना जवानाने आणलेल्या जाड पट्ट्यांनी देवळाच्या खांबाला आवळल्या. कोंबड्यांपैकी दोन सापडल्या, बाकीच्या देवाच्या हवाली करून आई आत चढली. तिच्या कमरेचा पट्टा मी लावला. असे पट्टे मी किती जणांना लावले असतील, पण तिचा लावताना माझ्या हाताला ते बक्कल सापडेना. तिने सगळीकडे नजर फिरवली, छत पाहिलं, मागची दारं पाहिली आणि माझा कान ओढून त्यात ओरडून विचारलं, गोन्या किती? मी बोटांनी आकडा सांगितला. तिने मान हलवली. बहुतेक पसंत पडलं असावं.

महागावला एका शाळेच्या मैदानावर आम्हाला उतरवलं. ढग खाली आले म्हणून हेलिकॉप्टरही थोडा वेळ तिथेच थांबलं. चहा आला. मी आईला विचारलं की वरून घर दिसलं तेव्हा तुला हवेली म्हणावीशी नाही वाटली का. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून शाळेतलाच आहे.

"हवेली पोरी म्हनते, घर सोडून जाताना," ती म्हणाली. "मी कुठं सोडून चालली? पानी उतरलं का जातो वापस."

तेवढ्यात पायलट आमच्याकडे आला. कोवळ्या वयाचा, हसरा. त्याने हिंदीत विचारलं, टेकाडावर सिग्नल देणाऱ्या माताजी कोण? त्या पलीकडच्या तारा त्याला दुसऱ्या फेरीत दिसल्या होत्या. तो आईच्या पाया पडायला वाकला आणि म्हणाला की इतके सरळ हात तर आमचे शिकलेले लोकही करत नाहीत. मला ते जरा लागलं.

आईला हिंदी कळतं, पण बोलायचं म्हटलं की ती आपल्याच बोलीत बोलते. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काम याचं हाय," ती म्हणाली. "हा टिनावर बसला होता, म्हून आज मी केलं."

पायलटने माझ्याकडे पाहिलं. माताजी काय म्हणाल्या, त्याने विचारलं.

मी चहाचा एक घोट घेतला, मिशी पुसली, आणि त्याला हिंदीत सांगितलं की ती म्हणते आहे, हे माझं काम आहे.